अंधारांतील काटकसर

युरोपांतील स्लोव्हेनिया देशांत मोठ्या पुराबरोबर गुहांतून वीतभर लांबीचा एक फिकट प्राणी कधीं कधीं वाहून येई. लोक त्याला ड्रॅगनचें पिलूं समजत. ही समजूत वाल्वासोर या लेखकानें १६८९ सालीं नोंदविली.

हा प्रोटिअस म्हणजे बेडकाचा दूरचा आप्त. जन्मतः त्याला डोळे असतात. पुढें ते कातडीखालीं बुजून जातात. डोळा हें सतत पोसावें लागणारें इंद्रिय. काळोखांत तो खर्च कशाला? गंधावरून व पाण्यांतील थरथरीवरून तो भक्ष्य हुडकतो, आणि अन्नावांचून वर्षानुवर्षें तग धरतो.

परंतु वरच्या शेतांतील खतें व विषें खडकाच्या भेगांतून गुहेंत झिरपलीं, कीं त्याची पातळ त्वचा हतबल ठरते. उपवास त्याला साधला आहे. दूषित पाणी पचविणें मात्र साधलेलें नाहीं.