कच्च्या बंधांची करामत

पावसाळा ओसरताना लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर ओल्या कातळाशी गुडघे टेकून पाहिलं, तर दवबिंदू नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती सापडू शकते. उन्हातही तिच्या पानांवरचे थेंब चमकत राहतात, कारण ते दव नव्हेच, चीक आहे. तिच्या एका आफ्रिकी बहिणीचा चीक तपासला गेलाय: शेकडा सुमारे ९६ भाग पाणी, बाकी साखरेच्या लांबलचक रेणूसाखळ्या. एवढ्याशा साखळ्यांनी धरलेल्या पाण्यात माशी अडकून मरते!

साखळ्यांच्या जाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या घट्टसर पदार्थाला हायड्रोजेल म्हणतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे हायड्रोजेलच. पण ती फाटली की फाटली. तिच्यातले बंध पक्के, तुटले की पुन्हा जुळत नाहीत. मग बंध मुद्दाम कच्चे ठेवले तर?

लोणावळ्याहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, हे करून पाहिलं गेलं. कापलेलं जेल धातूच्या आयनांनी पुन्हा सांधता येतं, असं शायनी वर्गीज, आशिष लेले आणि मूळ गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलं. वर्गीज पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅन दिएगोला गेल्या. तिथल्या त्यांच्या गटाने २०१२ मध्ये धातूलाही रजा दिली. आम्लात दोन तुकडे एकमेकांना टेकवले की काही सेकंदांत जोड! अल्कलीत बुडवले की जोड सुटतो. परत आम्ल, परत जोड.

किमया आहे ती मुख्य साखळीला लोंबणाऱ्या छोट्या फांद्यांची. त्यांच्या टोकाशी कार्बॉक्सिल गट असतो. आम्लात त्याचा हायड्रोजन जागेवर राहतो आणि समोरच्या फांदीशी हायड्रोजन-बंध जुळतो. अल्कलीत तो हायड्रोजन निघून जातो, फांद्यांवर ऋणभार येतो आणि त्या एकमेकींना दूर लोटतात. मला खरं थक्क करते ती फांदीची लांबी. फुगडीसारखंच हे: हात आखूड असले तर समोरचीपर्यंत पोचत नाहीत. फार लांब फांद्या तर पाण्याला टाळत आपसातच गोळा होतात. मधली, सहा कार्बनची फांदी नेमकी ठरली.

जठरात आम्ल आयतंच असतं. म्हणून तिथलं छिद्र बुजवायला किंवा औषध चिकटवून ठेवायला हे जेल उपयोगी पडेल, असं या गटाने सुचवलं. रक्तात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्याचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कलीकडे झुकलेला. तिथे बंध वेगळा निवडावा लागतो. कोळंबीच्या सालांपासून मिळणारं कायटोसान आणि अल्डिहाइड गट जोडलेली साखर यांच्यात जुळणारा इमिन-बंध त्यासाठी वापरतात. तोही तुटतो आणि पुन्हा जुळतो.

ती सहा कार्बनची फांदी ज्या अमिनोकॅप्रोइक आम्लाची, ते स्वतः रक्तस्राव थांबवण्याचं औषध आहे. आणि त्याचेच रेणू एकापुढे एक जोडले की होतो नायलॉन-६, ज्याच्या धाग्याने शल्यविशारद टाके घालतात.