आधी थांबायला शिकायचं

जुलैतली उघडीप. सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात मी बसले आहे. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग खेळाच्या तासाला बाहेर पडतोय. पाण्याच्या बाटल्या भिंतीकडेला ओळीत, चपला जोडीनं पायरीखाली, आणि ज्याचं आटोपलं तो थेट मैदानात, आपल्या टायरमध्ये. सायकलच्या जुन्या टायरी मांडल्यात. प्रत्येकाची एक, तिचं नाव ‘घर’. बाई अजून दारातच आहेत. त्यांनी तोंडातून शब्दही काढलेला नाही. शाळा उघडल्यापासूनचे दिवस त्यांनी कशावर घालवले, ते इथंच कळतं.

आखूड शिट्टी वाजते. पोरं सुटतात, कुठंही, पण दगडांच्या आत. फक्कीची रेघ पावसात टिकत नाही, म्हणून कडेनं चुना फासलेले दगड ठेवलेत. मग लांब शिट्टी. सगळे जागच्या जागी. एकजण घसरत चार पावलं पुढं जातो. बाई रागवत नाहीत. “परत,” म्हणतात आणि सगळ्यांनाच पुन्हा पळवतात. पळा, थांबा. पळा, थांबा. बराच वेळ एवढंच चाललंय. कुंपणाशी उभ्या असलेल्या एखाद्या पालकाला वाटेल, खेळ कधी सुरू होणार?

पण सहा वर्षांच्या पोराला पळता पळता थांबणं फार अवघड असतं. वेग आवरायचा, गुडघे वाकवायचे, तोल सांभाळायचा आणि शेजारच्यावर आदळायचं नाही. “धक्काबुक्की करू नका” हे पोर ऐकतं आणि पुढच्याच क्षणी धडकतं, कारण थांबायचं कसं ते त्याच्या पायांना कुणी शिकवलेलंच नसतं.

मग शिवण्याचा सराव. “उघडा तळवा, पाठीवर, हळू.” पोरं जोडीजोडीनं एकमेकांना शिवून बघतात, खिदळतात.

“आणि ढकललं तर?”

“शिवलेलं धरायचं नाही!” अख्खा वर्ग ओरडतो.

आता विषामृत. पोरं तळहात उपडे-उताणे टाकून चकतात, दोघांवर राज्य येतं. राज्य असलेल्यानं शिवलं की ‘विष’, तिथंच बसायचं. मोकळ्या गड्यानं येऊन ‘अमृत’ दिलं की उठून पळायचं. बाईंनी हा खेळ विचार करून निवडलाय. लंगडीत बाद झालेला गडी कडेला जाऊन बसतो, आणि सगळ्यांत आधी बाद होतं ते पळण्यात कच्चं असलेलं पोर. ज्याला सराव जास्त हवा, त्याच्याच वाट्याला तो कमी येतो. विषामृतात कुणी बाहेर जात नाही.

“मला शिवलंच नाही!”

“शिवलं, बाई! खोटं बोलतीय ही!”

“टॅम्प्लीज, टॅम्प्लीज!” तिसराच कुणीतरी मूठ तोंडाशी नेऊन ओरडतो.

“कोण सांगणार?” बाई विचारतात.

“जिला शिवलं ती!”

हा या वर्गाचा नियम आहे. लाल रिबिनीची मुलगी फ्रॉकचं टोक पिळते, इकडेतिकडे बघते आणि खाली बसते. लगेच कुणीतरी तिला अमृत देतं. थोड्या वेळानं एक मुलगा मात्र सरळ “नाही” म्हणून पळून जातो. सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बाई त्याचं “नाही” मान्य करतात. मला त्यांचं पटतं. प्रत्येक वेळी निकाल बाईंनी दिला, तर पोरं खेळाकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघायला शिकतील. तो मुलगा आज बसला नाही. उद्याही कदाचित बसणार नाही. या गोष्टीला वेळ लागतो.

दुसरा एक गडी मुद्दाम ढकलतो. बाई त्याला हाताला धरून आपल्या शेजारी उभा करतात, वीस आकडे मोजायला लावतात आणि परत खेळात सोडतात. मैदानाला फेऱ्या नाहीत, उठाबशा नाहीत. पळायचा आनंद शिकवण्याच्या तासात पळण्याचीच शिक्षा दिली, तर पोराला पळणं कसं आवडावं?

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला सातवीच्या मुली खो-खो खेळतायत. पाठलाग करणारी एकदा खांबाच्या दिशेनं निघाली की मध्येच मागं फिरायचं नाही. एक मुलगी फिरते. “फाउल!” बसलेल्या मुलीच ओरडतात, आणि ती मुकाट्यानं चूक सुधारते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही विजेतेपदं भारतानं जिंकली आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या वेगात वळणं, थांबणं, नेमक्या जागी हात टेकवणं बघताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. त्याची बाराखडी इथं, या टायरींमध्ये चालू आहे.

दोन शिट्ट्या. सगळे आपापल्या घरात. हात-पाय धुऊन, पाणी पिऊन, वर्गात.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे: गणित मागं पडलं म्हणून हा तास काढून घेऊ नका. आणि पालकहो, सुरुवातीचे काही आठवडे तुमचं पोर घरी येऊन “आज नुसतं पळालो आणि थांबलो” म्हणालं, तर तक्रार घेऊन शाळेत जाऊ नका. त्याला अंगणात न्या आणि थांबून दाखवायला सांगा.