कुष्ठरोग्याची शुद्धी : मार्ककृत शुभवर्तमानातील एक कथा

चमत्कारकथा पुढे आली की आपला वाचक विचारतो, हे खरोखर घडले काय? प्रश्न रास्त आहे. परंतु ग्रंथाचा अभ्यास करणाऱ्याने त्याआधी कथेचे शब्द पाहावेत, असे आम्हांस वाटते.

इसवी सन ७० च्या सुमारास ग्रीक भाषेत रचलेल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी (ओव्या ४० ते ४५) ही कथा येते. गालील प्रांतात एक कुष्ठरोगी येशूकडे येऊन विनवितो की, तुमची इच्छा असेल तर तुम्ही मला शुद्ध करू शकाल. येशू हात पुढे करून त्यास स्पर्श करतो. रोग नाहीसा होतो. मग कोणास काही न सांगता याजकास जाऊन दाखव, अशी तो त्यास सक्त ताकीद देतो.

येथे मागणी ‘बरे करण्याची’ नाही, ‘शुद्ध करण्याची’ आहे. मुळातील ‘लेप्रा’ हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांस लावला जाई. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये ज्याचा जंतू शोधला तोच हा रोग, असे समजू नये. ‘लेवीय’ या ग्रंथाच्या १३ व १४ या अध्यायांत तर वस्त्रांस आणि घरांच्या भिंतींसही हा दोष जडतो. दोषी मनुष्याने फाटकी वस्त्रे ल्यावीत, ओठ झाकावेत, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे आणि वस्तीबाहेर राहावे, असा तेथील दंडक आहे. याजक उपचार करीत नाही. तो केवळ शुद्ध वा अशुद्ध ठरवितो. अशा दंडकाचा अर्थ आपल्या वाचकांस टीप देऊन सांगावा लागत नाही. भेद एवढाच, आणि तो मोठा आहे, की ती अशुद्धी जन्मजात नव्हती. दोष गेला की ती संपे. तात्पुरता विटाळ आणि वंशपरंपरागत अस्पृश्यता यांतील हा भेद बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये स्पष्ट केला आहे.

म्हणून कथेचा गाभा आम्हांस स्पर्शात दिसतो. शुद्धी घोषित होण्यापूर्वीच हात पुढे झाला आहे.

एक पाठभेदही लक्षणीय आहे. बहुतेक हस्तलिखितांत येशूस ‘करुणा आली’ असे आहे. पाचव्या शतकाच्या सुमाराचे ‘कोडेक्स बेझी’ मात्र ‘तो रागावला’ असे वाचते. पाली पाठांच्या संपादनातही हा अनुभव येतो की, लेखनिक अवघड शब्द सोपा करतो. सोपा शब्द सहसा अवघड करीत नाही. मत्तय आणि लूक यांनी हीच कथा सांगताना करुणा व राग दोन्ही गाळले आहेत. त्यांच्यापुढील प्रतीत ‘करुणा’ असती तर ती गाळण्याचे कारण काय? रागाचा पाठ मूळ असावा, असे आमचे मत आहे. तो राग कोणावर, हे मार्क सांगत नाही.

‘उदान’ ग्रंथातील सुप्पबुद्ध हा कुष्ठरोगीही येथे आठवतो. अन्न मिळेल या आशेने तो राजगृहातील सभेकडे येतो. तथागत त्यालाच उद्देशून उपदेश करतात. त्याला धम्मचक्षू लाभतो, रोग मात्र जात नाही. पण त्याच सुत्तात रोगाचे कारण पूर्वजन्मीच्या अपराधात दाखविले आहे. तो भाग आम्हांस कोणत्याही चमत्काराहून अधिक अडचणीचा वाटतो. मार्कच्या कथेत रोगाचे कारण कोणी विचारीतच नाही.

शुद्ध झालेला मनुष्य ताकीद मोडून सर्वत्र बोलत सुटतो. परिणामी येशूस नगरात उघडपणे जाता येईनासे होते. वस्तीबाहेरचा मनुष्य आत गेला आणि त्यास स्पर्श करणारा बाहेर, निर्जन स्थळी राहिला. लोक मात्र चोहोंकडून तेथे त्याच्याकडे येत राहिले.