लुकअपला नाव नको, आयडी द्या

शेअरपॉइंटच्या लुकअप कॉलममध्ये आपल्याला ‘पुणे’ दिसतं, पण आत साठवलेला असतो मूळ लिस्टमधल्या त्या ओळीचा आयडी. पॉवर ऑटोमेटला तोच आकडा हवा. म्हणून मी आधी मूळ लिस्टवर ‘गेट आयटम्स’ लावतो, फिल्टर क्वेरीत टायटल ईक्यू 'पुणे' (ती एकेरी अवतरणचिन्हं राहिली की फार छळतात!), आणि सापडलेल्या पहिल्या ओळीचा आयडी ‘क्रिएट आयटम’मध्ये देतो.

काहीजण सरळ ७ लिहून मोकळे होतात. टेस्ट साइटवर ७ म्हणजे पुणे, पण खऱ्या साइटवर ७ म्हणजे नाशिक असू शकतं. मग तक्रार पुण्याची, नोंद नाशिकची, आणि एररसुद्धा येत नाही. ओळ सापडलीच नाही तर? त्यासाठी मध्ये एक कंडिशन टाका.