व्यावसायिक कर्करोग आणि कायद्याची कालमर्यादा : अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या संदर्भात

प्रस्तावना

यंत्रात कामगाराचा हात सापडला, तर अपघाताचा दिवस, जागा आणि साक्षीदार निश्चित सांगता येतात. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाचे तसे नाही. त्याचे कारण कारखान्यात घडते, पण परिणाम अनेकदा निवृत्तीनंतर दिसतो. नुकसानभरपाईचा कायदा मात्र मूलतः अपघात डोळ्यांसमोर ठेवून रचला गेला. रोगाचा काळ आणि कायद्याचा काळ यांतील ही विसंगती अ‍ॅस्बेस्टॉसच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वैद्यकीय पार्श्वभूमी

काम आणि कर्करोग यांचा संबंध नवा नाही. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये केली. १८९५ मध्ये लुडविग रेन यांनी जर्मनीतील रंगकारखान्यांच्या कामगारांमधील मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. आज बेंझिन, बेंझिडीन, षट्संयुजी क्रोमियम, सिलिकाची धूळ इत्यादी पदार्थ मानवी कर्करोगाची सिद्ध कारणे मानले जातात.

अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार याच वर्गात मोडतात. सिमेंटचे पत्रे, पाइप, ब्रेक लायनिंग आणि उष्णतारोधक कापड यांत त्याचा वापर झाला. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तेथेच रुतून राहतात. त्यातून फुप्फुसाचा कर्करोग, तसेच फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग उद्भवतो. पहिल्या संपर्कापासून मेसोथेलिओमा प्रकट होईपर्यंत साधारणतः वीस ते चाळीस वर्षे, काही वेळा त्याहूनही अधिक काळ लोटतो. विशीत कामाला लागलेला मनुष्य साठीत आजारी पडतो, तो असा.

कायद्याची चौकट

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांचा समावेश होता. अनुसूचीत रोगाचे नाव असण्याला मोठे महत्त्व असते. कामगाराने ठरावीक काळ त्या स्वरूपाचे काम केले असेल, तर रोग कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे दाखविण्याचा भार मालकावर येतो. अनुसूचीबाहेरच्या रोगासाठी हा भार कामगारालाच वाहावा लागतो.

तथापि, याच कायद्याच्या दहाव्या कलमात एक अडचण होती. नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस मानला जाई. वीस वर्षांनी दिसणाऱ्या रोगाला या तरतुदीचा आधार मिळणे कठीण होते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. परंतु त्यामुळे कामगाराचा हक्क आयुक्तांच्या विवेकावर अवलंबून राहिला.

१९४८ च्या कारखाना अधिनियमात भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार कामगारांच्या आरोग्याच्या अद्ययावत नोंदी ठेवणे ही कारखान्याच्या भोगवटादाराची जबाबदारी ठरली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा अनुक्रमे सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता २०२० यांनी घेतली. पण जुन्या कायद्यांच्या काळात धुळीत काम केलेल्या अनेकांचे रोग यापुढेच प्रकट होणार आहेत, हे विसरून चालणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय

कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर अथवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश देण्यात आला. गुजरातमधील संबंधित कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून फेरतपासणी करावी आणि व्यवसायजन्य रोग आढळलेल्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाई द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. चाळीस वर्षांच्या या अटीत रोगाच्या दीर्घ सुप्तकाळाची जाणीव दिसते.

पुराव्याचा प्रश्न

प्रत्यक्षात मात्र कामगाराची बाजू पुराव्यापाशी लंगडी पडते. कंत्राटी कामगाराचे नाव कारखान्याच्या नव्हे, तर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते. कारखाना बंद पडला की कागदपत्रेही नाहीशी होतात. कामगार धूम्रपान करीत असेल, तर सारा दोष त्याच्या व्यसनावर ढकलणे सोपे जाते. वस्तुतः अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. एका कारणाने दुसरे कारण खोटे ठरत नाही. मेसोथेलिओमाचा तर धूम्रपानाशी संबंध आढळलेला नाही. रुग्णाने पूर्वी कोठे व कोणते काम केले, हे केसपेपरवर लिहिले गेले नाही, तर दाव्याचा पहिला दुवाच निखळतो.

समारोप

व्यावसायिक कर्करोगाच्या बाबतीत रोगाचे नाव अनुसूचीत असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. दाव्याची मुदत निदानाच्या दिवसापासून मोजली जाणे, नोकरीनंतरही वैद्यकीय तपासणीची सोय असणे आणि संपर्काच्या नोंदी मालकाखेरीज एखाद्या सार्वजनिक यंत्रणेकडेही सुरक्षित राहणे, या तीन गोष्टींची त्याला जोड हवी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७४ च्या व्यावसायिक कर्करोगविषयक करारातही नोंदी ठेवण्याचा आणि नोकरीनंतरच्या तपासणीचा विचार आहे. चाळीस वर्षांनी प्रकट होणाऱ्या रोगाला न्याय द्यावयाचा, तर कायद्याची स्मृतीही तितकीच दीर्घ असली पाहिजे.