गवती चहा : अंगणातील औषध आणि त्याची मर्यादा

पावसाळा सुरू झाला की पुंडलिकनगरच्या भाजीवाल्यांकडे आले व पुदिन्याशेजारी गवती चहाच्या हिरव्या जुड्या दिसू लागतात. घरापुढे हातभर जागा असेल तर त्याचे एखादे बेट लावले जाते. नसेल तर कुंडीही पुरते. या परिचित गवताविषयी येथे थोडी माहिती देत आहोत.

गवती चहाला संस्कृतमध्ये भूस्तृण म्हणतात. त्याची पाती चुरगळली असता लिंबासारखा वास येतो, तो सिट्रल या द्रव्याचा. पातीतून काढलेल्या तेलात सिट्रलचे प्रमाण साधारणतः ७० ते ८० टक्के असते. याच वर्गातील रोशा गवत आपल्या शेजारच्या खानदेशात रानोमाळ उगवते. त्याचे तेल पूर्वी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जात असे व गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. निर्गम ग्रंथाच्या ३० व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलासाठी अडीचशे शेकेल सुगंधी वेत घेण्यास मोशेला सांगितले आहे. तो वेत म्हणजे याच वर्गातील गवत असावे, असे काही अभ्यासक मानतात.

सर्दी, पडसे व कणकण असता गवती चहा, आले, तुळस व दोन मिरे उकळून, गूळ घालून काढा देण्याची आपल्याकडे रीत आहे. गरम काढ्याने घाम येतो, घसा शेकला जातो व अंग हलके वाटते. पोट फुगल्यास नुसत्या पातीचे उकळलेले पाणी देतात, तर नाक चोंदल्यास त्याचा वाफारा घेतात. दुखऱ्या सांध्यांवर याचे तेल खोबरेल तेलात मिसळून चोळतात. हे तेल पोटात घेऊ नये. तसेच न मिसळता त्वचेवर लावू नये. गरोदर भगिनींनी काढा नेमाने घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असलेल्यांनी गूळ टाळावा.

आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता, "तीन दिवस काढा देतोय, उतरेल ताप," हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. येथेच सावध राहिले पाहिजे. डेंग्यूचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि डेंग्यू काढ्याने बरा होत नाही. दारातील गवती चहाच्या कुंडीने डासही दूर राहत नाहीत. पाण्याची भांडी झाकणे व आठवड्यातून एकदा घासून कोरडी करणे हाच खरा उपाय होय. ताप दोन दिवसांत न उतरल्यास रक्त तपासून घ्यावे. तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्रुफेन मनाने घेऊ नये. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची मरगळ दिसल्यास, ताप उतरलेला असला तरी, रुग्णास त्वरित घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्यावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यासाठी क्षयरोगाची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय या दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. परमेश्वराने भूमीतून औषधे उत्पन्न केली असून सुज्ञ मनुष्य त्यांना तुच्छ लेखत नाही. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण वैद्यही परमेश्वरानेच निर्माण केला आहे. अंगणातील गवती चहा ही देवाची देणगी आहे. तिचा आदराने उपयोग करू या. परंतु तिच्या भरवशावर रुग्णालयाची वाट लांबवू नये, हीच आमची आपणांस कळकळीची विनंती.