अटींवर मिळालेला प्रवेश

शास्त्रविषय घेणाऱ्या मुलीस आता कोणी उघडपणे अडवीत नाही, तेव्हा हा प्रश्न संपला, असे म्हणणारे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ आढळतात. त्यांचे म्हणणे पारखावयाचे तर नकारापेक्षा परवानगीकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. स्त्रीस प्रयोगशाळेत घेतले, ते कोणत्या अटींवर?

कु. कमला भागवत, म्हणजे पुढे डॉ. कमला सोहोनी या नावाने प्रसिद्धीस आलेल्या विदुषी, यांची हकीकत आपल्याकडील असल्यामुळे प्रथम सांगतो. दुर्गाबाई भागवत यांच्या या भगिनी. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन त्या पहिल्या आल्या. वडील व चुलते दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. तेव्हा तेथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण. कमलाबाई थेट बंगळुरास गेल्या आणि प्रवेश न मिळाल्यास सत्याग्रह करू, असे त्यांनी बजावले.

रामन नमले, पण कसे ते पाहा. पहिले वर्ष परीक्षेचे. काम पसंत पडेपर्यंत त्यास अधिकृत मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे. आणि आपल्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही. या शेवटच्या अटीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. चित्त विचलित व्हावयाचे पुरुषाचे, आणि हमी द्यावयाची स्त्रीने! कमलाबाईंनी सर्व अटी पाळल्या. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले व पुढे इतर मुलींसही त्या संस्थेत वाट मिळाली. त्या स्वतः केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर संशोधन करून 1939 साली पीएच.डी. झाल्या. गंमत अशी की, त्या थोर विद्यापीठाने स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीने पदव्या देण्यास 1948 साल उजाडावे लागले. तोवर स्त्रियांस पदवीचे नाव मिळे, पदवीधराचे हक्क मिळत नसत.

ही रीत एकट्या बंगळूरची नव्हे. 1907 साली लीझे माइटनर ही पदार्थविज्ञानाची डॉक्टर व्हिएन्नाहून बर्लिनला आली. ऑटो हान यांच्याबरोबर किरणोत्सर्गावर काम करण्यास तिला परवानगी मिळाली, पण तळघरातील सुताराच्या खोलीपुरती. वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळांत पाऊल टाकावयाचे नाही. तेथे जाण्याची बंदी पुढे उठली. वेतन मात्र 1912 पर्यंत मिळाले नाही. अणुगर्भाच्या विभाजनाचा अर्थ प्रथम उलगडणाऱ्यांत ती होती. परंतु त्या शोधाचे 1944 चे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांस देण्यात आले.

अशा अटी पदार्थविज्ञान व रसायन यांत अधिक का जाचतात, हे समजून घेतले पाहिजे. काव्य किंवा इतिहास घरी दिव्यापाशी बसूनही वाचता येतो. परंतु तराजू, वर्णपटमापक, निर्वात पंप ही साधने संस्थेच्या मालकीची. ती कोणी, केव्हा व किती वेळ हाताळावी हे दुसरा ठरवितो. शिवाय हाताचे कौशल्य हातानेच येते. ज्यास खोली नाही, यंत्राची पाळी नाही व चूक करण्याची मुभा नाही, त्यास प्रवेश दिला तरी शास्त्र दिले, असे म्हणता येत नाही.

हे मी इतिहास म्हणून लिहावयास बसलो. परंतु माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेकडे पाहिल्यावर लेखणी अडखळली. आमच्याकडे चार-चार विद्यार्थ्यांचे गट असतात. अम्ल व अल्क यांचे अनुमापन चालू असता ब्युरेटची तोटी फिरविणारा बहुधा मुलगा असतो, आणि आकडे वहीत उतरवून घेणारी मुलगी. कारण तिचे अक्षर चांगले. ही वाटणी मी कधी सांगितली नाही. मी कित्येक वर्षे ती पाहत आलो व मोडली नाही, एवढेच.

गेल्या जूनपासून तोटीवरचा हात दर आठवड्यास बदलावा, असा नियम केला. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारले, “सर, फुटली तर?” मुलांपैकी आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी फोडलेल्या ब्युरेटींची नोंद मात्र कपाटातील वहीत आहे.